लांबी, पाटी आणि बेळगावची फियाट

'काका, सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे बेळगावचे, टिळकवाडीचे. नोकरीमुळे चौदा महिन्यांपूर्वी नाशिकला आलो, इंदिरानगरला राहतो. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची पांढरी फियाट पद्मिनी अजून बेळगावच्या घरी शेडमध्ये उभी आहे. पहिली नोंद नोव्हेंबर १९७४ ची, बाबांच्याच नावावर, तीन अक्षरांचा जुना नंबर. शेवटचं पासिंग २०१७ ला झालं, ते २०२२ मध्ये संपलं. १९९६ मध्ये बाबांनी इंजिन बदललं आणि स्टिअरिंगचा गिअर काढून खाली घेतला. आता घर विकायला काढलंय, म्हणून गाडी इकडे आणायची आहे. आई म्हणते, गाडी जाऊ द्यायची नाही, मला त्यातूनच त्र्यंबकला ने. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या, पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना बंदीच आलीय. एक एजंट म्हणतो, गाडी दाखवायचीही गरज नाही, एमएच पंधरा नंबर हातात देतो. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, विंटेज करून घ्या, बाबांचा नंबर राहील. चौदा महिने होऊन गेल्याचा दंड बसेल का? आणि आधी डेंटिंग-पेंटिंग करून गाडी नीट करू की आधी कागद? सोबत फोटो पाठवतोय.' — एक बेळगावकर, नाशिक

नमस्कार बेळगावकर,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे घाई झाली तर पुढचं सगळं अडतं. रंगाला हात लावू नका. पेंटर कितीही गुणी असो. किंबहुना गुणी असेल तर मुळीच नको.

हे मी फुशारकीने सांगत नाही, स्वतः आपटलोय म्हणून सांगतो. माझी अ‍ॅम्बॅसिडर मावसभावाकडून घेतलेली, इंदूरची. एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, हातात होती, गाडी दारात होती. तपासणीला न्यायची तर नवऱ्या मुलासारखी नटवून न्यावी, असं मला वाटलं. पेंटरने मनापासून काम केलं. बॉनेटखालचा पत्रासुद्धा सोडला नाही. गंजाचे खड्डे होते तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर, वर रंग. पत्रा असा गुळगुळीत की त्यात तोंड पाहावं. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, पत्र्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, 'नंबर कुठाय?' पत्र्यात ठोकलेला चेसिस नंबर लांबीच्या खाली होता. गाडी परत. मग थिनरचा बोळा धरून मी आणि पेंटर दोन दिवस तो रंग उतरवत बसलो, तर शेवटचा आकडा तीन आहे की आठ, यावर आमचंच एकमत होईना. कागद पुन्हा इंदूरला, तिथल्या मूळ रजिस्टरातून खातरजमा, पुन्हा तारीख. तीन महिने गेले. रंगाचे पैसे गेले ते वेगळेच, कारण तेवढा पत्रा पुन्हा रंगवावा लागला.

म्हणून तुमचं पहिलं काम असं. पुढच्या खेपेला बेळगावला जाल तेव्हा रॉकेल, जुनं मऊ फडकं, दात घासायचा जुना ब्रश, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन जा. बॉनेट उघडून चेसिस नंबर शोधा. रिबिटने बसवलेली कंपनीची छोटी पाटी वेगळी आणि पत्र्यात ठोकलेला नंबर वेगळा. आपल्याला ठोकलेला हवा. रॉकेलने हळूहळू मळ काढा. खरवडायचं नाही, पॉलिश पेपर नाही, ग्राइंडरचं तर नावच नको. मग कागद वर धरून पेन्सिल आडवी धरा आणि लहानपणी नाण्यावर घासायचो तशी घासा. आकडे उमटतील. हाच पेन्सिलचा ठसा पुढे अर्जालाही लागतो. इंजिनच्या ब्लॉकवरच्या नंबराचाही असाच ठसा घ्या. आणि दोन्ही कागद आरसी बुकाशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी, आकडा आकडा ताडून पाहा. त्या काळची बुकं हातांनी लिहिलेली. कारकुनाचा एक सातासारखा दिसतो, पाच सहासारखा. चूक कागदात असेल तर ती बेळगावातच दुरुस्त होते, कारण मूळ रजिस्टर तिथे आहे. नाशिकच्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही.

आता दंडाची धास्ती. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ असं सांगतं की दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. गाडी ठेवली तर. तुम्ही चौदा महिने इथे आहात, गाडी अजून टिळकवाडीत आहे. बारा महिन्यांचं घड्याळ तुमच्यासाठी चालत नाही, गाडीसाठी चालतं, आणि ते अजून सुरूच झालेलं नाही. ही चिंता सोडा. दंड आहे, पण तो दुसरीकडे आहे. २०२२ ला संपलेलं पासिंग नूतनीकरणाला नेलं नाही, त्याचा. खासगी मोटारीला महिन्याला ५०० रुपये. महिने मोजा, चाळीस भरले असतील तर २०,००० झाले. वर नूतनीकरणाची फी. वीस वर्षांपुढच्या मोटारीची ती ऑगस्ट २०२५ पासून १०,००० आहे, आधी ५,००० होती. म्हणजे 'बघू, दिवाळीनंतर' असं जितक्या वेळा म्हणाल तितके पाचशे.

भावाचं काय? तो ऐकतोय ते दिल्लीचं. पेट्रोल पंधरा वर्षं, डिझेल दहा, ही वयाची कात्री राजधानी क्षेत्रापुरती आहे. आपल्याकडे खासगी गाडी दर पाच वर्षांनी तपासणीत पास झाली की रस्त्यावर राहते. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी गेल्या त्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती म्हणून. शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उतरली. घरची गाडी त्या हिशेबात येत नाही. हे त्याला समजावून सांगा, आणि चिडून सांगू नका, कारण त्याची सही तुम्हाला लागणार आहे.

आरसी बुक हा गाडीचा सातबारा समजा. सातबाऱ्यावर वारस लावतात तसे इथेही लावावे लागतात. त्यासाठी फॉर्म ३१, बाबांचा मृत्यूचा दाखला, आणि गाडी तुमच्या नावावर करायला आईची आणि भावाची लेखी संमती. कायद्याने ही कळवणी तीस दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत व्हायला हवा होता. आपल्याकडे तेराव्यानंतर गाडीच्या कागदांकडे कोण बघतं, हे खिडकीवरच्यांनाही ठाऊक असतं. उशिराचं जे काही असेल ते भरा आणि मोकळे व्हा. पण भाऊ 'भंगारात द्या'वर अडून बसला तर अख्खं प्रकरण पहिल्याच कागदावर थांबेल. गाडीच्या तपासणीआधी ही एक तपासणी घरात आहे. माझं ऐकाल तर फोनवर बोलू नका. त्याला शेडमध्ये घेऊन जा, बॅटरी लावा, गाडी सुरू होते का बघा. सुरू झाली तर अर्धं काम आवाजानेच होतं.

त्याच खेपेला तिथल्या आरटीओत एक चौकशी करा: नंबर संगणकावर आहे का? परिवहनच्या पोर्टलवर तुम्ही घरबसल्याही टाकून पाहू शकता. तीन अक्षरांच्या जुन्या नंबरांची नोंद पुष्कळदा जाड रजिस्टरातच राहिलेली असते. ती 'वाहन' प्रणालीत चढवायला बॅकलॉग नोंद म्हणतात. २०१७ ला पासिंग झालंय म्हणजे कदाचित तेव्हाच चढली असेल, पण गृहीत धरू नका. ती नसेल तर एनओसी निघायची नाही, आणि एनओसी नसेल तर पेठ रोडवरच्या नाशिक आरटीओत तुम्हाला कुणी बसाही म्हणणार नाही.

आता खरी गाठ, इंजिन. पत्रात तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकलंय, पण मला सगळ्यात काळजी त्याचीच आहे. इंजिन बदललं की आरसीमधला इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो. कलम ५२ म्हणतं, बदल केल्यापासून चौदा दिवसांत कळवा. १९९६ मध्ये बाबांनी कळवलं होतं का? आरसी बुकाच्या मागच्या पानांवर शिक्का-सही असेल तर कळवलं होतं, आणि मग पुढची काळजी मिटली. नसेल तर २०१७ ला पासिंग कसं झालं हे कोडंच आहे, पण अशी कोडी मी बरीच पाहिलीत. कुणीतरी बॉनेट उघडलंच नसेल. नाशिकला मात्र उघडतील, कारण दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीचं पहिलं काम तेच.

नोंद नसेल तर बाबांच्या फायली, डायऱ्या, कपाटातला तो पत्र्याचा डबा, सगळं उपसा. त्या पिढीतली माणसं बिलं फेकत नसत. इंजिन कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून घेतलं असेल, एखाद्या मोडीत निघालेल्या टॅक्सीचं असेल, काहीही असू दे, पण एखादी पावती, एखादी चिठ्ठी हवी. पावती सापडली तर बेळगावातच नवा इंजिन नंबर चढवून घ्या. नाहीच सापडली तर प्रतिज्ञापत्र, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही याची पोलिसांकडून खातरजमा, असा लांबचा रस्ता आहे. लांब आहे, पण रस्ता आहे. एक मात्र कुणी सुचवलं तर हात जोडा: 'ब्लॉकवर जुना नंबर ठोकून देतो, दोन हजार द्या.' हा सरळ फौजदारी गुन्हा आहे, आणि ताजा ठोकलेला आकडा अनुभवी निरीक्षकाला दोन हातांवरून कळतो.

खाली घेतलेल्या गिअरचं साध्या नोंदणीत काही अडत नाही. गिअर कुठे आहे ते आरसीत लिहिलेलंच नसतं. पण विंटेजच्या बाबतीत तो आड येऊ शकतो. त्या गृहस्थांच्या सल्ल्याकडे येऊ.

विंटेजचे नियम केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. तुमची नोव्हेंबर २०२४ मध्ये पन्नाशीची झाली, म्हणजे वयात बसते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हेही गृहस्थांनी बरोबर सांगितलं. त्यांनी सांगितलं नाही ते असं: फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नको. तुमचं इंजिन दुसरं, गिअर खाली. फियाटच्या जागी फियाटचंच पेट्रोल इंजिन असेल तर बाजू मांडता येईल, पण मी त्या भरवशावर २०,००० काढणार नाही. डिझेल टाकलं असेल तर विषयच संपला. पद्मिनीत डिझेल बसवायची तेव्हा साथच होती, म्हणून विचारतो. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही.

आणि समजा, विंटेज मिळालंही. मग अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्तीला नेणं, पेट्रोल भरायला नेणं, एवढंच. आईंना त्र्यंबकला न्यायचंय. संध्याकाळी सोमेश्वरला, कधी गंगापूर धरणापर्यंत, कधी नुसतं कॉलेज रोडला आइस्क्रीम खायला. त्या नियमात आईंचं त्र्यंबक बसत नाही. ज्याच्याकडे चार गाड्या आहेत आणि एक काचेत ठेवायची आहे त्याच्यासाठी ती नोंदणी उत्तम. तुमची एकच आहे आणि तिच्यात माणसं बसायची आहेत.

(जाता जाता: विंटेज हा शब्द कोण वापरतंय ते बघत जा. विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये विंटेज म्हणजे १९४० संपण्याआधी बनलेली मोटार. आरटीओच्या लेखी पन्नास वर्षं. जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या लेखी धुळीने माखलेली कुठलीही. आणि 'क्लासिक' हा तर आपल्या नियमांत प्रकारच नाही, तो फक्त किंमत सांगताना येतो.)

तेव्हा माझं मत साध्या नोंदणीच्या बाजूने आहे. बाबांचा नंबर जाईल, एमएच १५ येईल. याचं वाईट वाटणार, मला माझ्या इंदूरच्या पाटीचं वाटलं होतं. ती आता माझ्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आहे आणि बायको दर दिवाळीला ती काढायला सांगते.

साधी नोंदणी ठरली की क्रम असा लागतो. बेळगावात आधी ब्रेक, लाइट, टायर एवढं चालू करून घ्या, कारण नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी तिथेच उभी करावी लागणार. वारस नोंद, इंजिन नंबर आणि फॉर्म २५ वर नूतनीकरण, हे शक्य तर एकाच खेपेत रेटा. तिथला हरित कर असेल तो भरा. विमा तुमच्या नावाने घ्या. निदान तृतीय पक्षाचा तरी हवाच, त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. मग फॉर्म २८ वर नाशिकसाठी एनओसीचा अर्ज. गाडी चोरीची नोंदलेली नाही याचा पोलीस दाखला सोबत लागतो. एनओसीबद्दल कायदा असा की तीस दिवसांत त्यांनी हो-नाही कळवायचं, नाहीच कळवलं तर दिली असं समजायचं. पण 'समजायचं'वर नाशिकला कुणी नंबर देत नाही. कागद हातात घ्या. आणि घेतल्यावर कपाटात ठेवू नका.

गाडी आणायची कशी? पुणे, संगमनेर, सिन्नर करत साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर होतात. वाटेत खंबाटकी आहे, चंदनापुरी आहे. कागद नवे झालेत म्हणून तुम्हाला चालवत आणायचा मोह होईल. माझं मत ट्रेलरचं आहे. तीन वर्षं उभ्या गाडीचे ब्रेकचे रबर वरून चांगले दिसतात आणि घाटात तिसऱ्या दाबाला बसतात. शिवाय पेट्रोलचे जुने रबरी पाइप. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रबराला ते मानवत नाही, फुगतं, भेगा पडतात. गरम इंजिनावर थेंब पडला तर पुढचं सांगायला नको. शंभर-दोनशे रुपयांचे पाइप आहेत, पंपाच्या डायाफ्रामसकट बदलून टाका. हे मी गाडी ट्रेलरवर आणलीत तरी सांगेन.

नाशिकला आल्यावर फॉर्म २७. त्याला एनओसी, आरसी, विमा, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) आणि इथल्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार बरा. महाराष्ट्राचा मोटार वाहन कर गाडीच्या वयाप्रमाणे उतरत जातो, तुमच्या गाडीला तो जड जाणार नाही. वर पर्यावरण कर. दोन्हींचे आकडे पोर्टलवर अर्ज भरतानाच दिसतात, म्हणून एजंटाने 'टॅक्स खूप बसतो हो' म्हणून सांगितलेल्या रकमेवर मान डोलावू नका. कर्नाटकात बाबांनी भरलेल्या कराचा परतावा वगैरे कुणी सुचवेल. या वयाच्या गाडीला त्यात काही उरलेलं नाही, नादी लागू नका.

पीयूसीची उगाच भीती असते. तुमच्या काळातल्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. आजच्या गाड्यांच्या मानाने ढिली. नीट लागलेला कार्बोरेटर त्यात आरामात बसतो. फक्त थंड इंजिनावर, चोक ओढलेला ठेवून मशीनपुढे उभे राहू नका. दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, मग जा. प्लग, पॉइंट, एअर फिल्टर आधी बघून घ्या. दाखला सहा महिन्यांचा मिळेल, वर्षाचा नव्या गाड्यांना.

आणि प्रत्यक्ष तपासणी. निरीक्षक आधी नंबर बघतील, ते आता तुम्हाला पाठ झालेलं असेल. मग रंग आरसीशी जुळतो का. मग लाइट, दोन्ही बीम, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर. पद्मिनीत हमखास फसतात त्या गोष्टी दोन. एक हँडब्रेक. केबल इतकी ताणलेली असते की लिव्हर आभाळात जातो आणि गाडी जागची हलतच राहते. आदल्या दिवशी घराजवळच्या चढावर लावून, न्यूट्रलला ठेवून बघा. दुसरी स्टिअरिंगची ढील. तीन-चार बोटं चाक फिरवलं तरी टायर हलत नाही, आणि गाडी इतकी वर्षं वापरणाऱ्याला त्याची सवय झालेली असते, त्याला ती खोड वाटतच नाही. पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खटखट झाली तर किंगपिन आणि बुश, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात ते सांधे, झिजलेत. हे काम हल्लीच्या शोरूमवाल्या पोरांकडे नेऊ नका, त्यांनी किंगपिन पाहिलेला नसतो. सातपूर-अंबडकडे जुने टर्नर आहेत, नमुना दाखवला की बुश वळून देतात. आणि बेळगावचा पाऊस खाल्लेली गाडी आहे, म्हणून पायाखालचं रबर उचलून फ्लोअरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर आधी पत्रा. वेल्डिंग झालं की तेवढ्यापुरता रंग मारा, बाकी गाडीला नको.

म्हणजे तुमच्या एजंटाचं 'गाडी दाखवायची गरज नाही' कुठे बसतं ते दिसलं असेल. एजंट घेऊच नका असं मी म्हणत नाही. फॉर्म भरून, चलन काढून, तारीख घेऊन देणारा माणूस असला तर तुमच्या दोन रजा वाचतात, त्याचे पैसे त्याला द्यावेत. पण गाडी न दाखवता आलेला नंबर उद्या अपघात झाला, विम्याचा माणूस आला, की कुणाच्या सहीने आला ते विचारलं जातं. तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही आणि आरसीवर नाव तुमचं असतं.

तारखेला पेठ रोडला सकाळी लवकर जा. जुनी गाडी रांगेत उभ्या उभ्या तापते, सोबत पाण्याचे दोन कॅन ठेवा, आणि आईंना घेऊन जाऊ नका, मागच्या बाकावर तीन तास बसून त्या कंटाळतील. नवा नंबर मिळाला की हाय सिक्युरिटी पाटी त्या नंबरची लागेल, म्हणून बेळगावच्या नंबराची पाटी आधी हौसेने करवून घेऊ नका. जुनी पाटी काढताना गंजलेला स्क्रू पिळू नका. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, सकाळी सुटतो.

पेन्सिलचे दोन ठसे आणि भावाची सही हाती आली की पुन्हा लिहा. तेव्हाच आरसी बुकात रंगाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही कळवा. तुम्ही गाडी पांढरी म्हणता, पण फोटोत मागच्या दाराच्या कडेला, रबराच्या आत, मला फिकट हिरवा दिसतोय.